नागपट्टणमला उतरलेला माणूस

माझा धाकटा भाऊ स्वामीनाथ पापनाशम् स्टेशनावर तिकिटं विकून निवृत्त झाला. सगळी नोकरी त्या जाळीच्या खिडकीआड गेली. लोकांना रामेश्वरला पाठवलं, मद्रासला पाठवलं, आणि स्वतः रोज संध्याकाळी पॅसेंजरनं कुंभकोणमला घरी. एकदा काशीचा पास काढला होता, तोही बायकोच्या आजारपणात वाया गेला. ती गेली, मुलगा कार्तिक चेन्नईला गेला, आणि हा आमच्या जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहिला. पुढची तिण्णै, म्हणजे ओटा, आणि ओटीची खोली मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिलेली. दिवसभर तिथं गाणी वाजायची. त्याच्या जागी मी असते तर दुकानदाराचे कान उपटले असते. स्वामी म्हणायचा, "राहूं दे आक्का, तेवढीच सोबत."

भित्रा होता, दुसरा शब्द नाही. लहानपणी विहिरीत डोकावायला भ्यायचा, मोठेपणी साहेबाला भ्यायचा आणि म्हातारपणी पितरांना. मी त्रिचीला हॉस्टेलात राहून शिकले, मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही आणि देवाधर्माच्या वाटेला फारशी गेले नाही. तो मात्र घरातलं एकही श्राद्ध चुकवायचा नाही. किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, मी त्याच्या सोबतीला राहायला आले, पाणीसुद्धा मोजून प्यायची वेळ आली, तरी आषाढ अमावास्येला आजोबांचं श्राद्ध ठरलेलं. श्राद्धाच्या स्वयंपाकात कच्ची केळी, सुरण, उडदाचे वडे. डॉक्टरांनी त्याला जे जे खाऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्या एका पानावर असायचं.

आजोबांविषयी आम्हांला जे सांगितलं होतं ते एवढं. वरदराज त्यांचं नाव. पिनांगला एका रबराच्या कंपनीत कारकून होते. मधूनमधून बोटीनं घरी यायचे. युद्ध सुरू झालं, तिकडे जपानी शिरले आणि पत्रं थांबली. युद्ध संपलं तरी आली नाहीत. बारा वर्षं काही कळलं नाही, तेव्हा अप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, शास्त्रात आहे तसा पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला आणि कावेरीच्या काठी त्याला अग्नी दिला. एकुलता मुलगा, दुसरं कोण करणार? ती आषाढ अमावास्या, साल चोपन्न. त्या दिवशी आमच्या आजीचं, गंगाबाईचं, कुंकू गेलं. आमच्या घरातल्या रीतीप्रमाणे केसही गेले. न्हावी परसात बसला होता. मी पाहिलं आहे, त्याचं वर्णन करणार नाही.

गेल्या वर्षी वैशाखात कार्तिकच्या मुलीचा, नंदिताचा, सिंगापूरहून व्हिडिओ कॉल आला; आजोबाला ती ताता म्हणते. तिकडे तिला कोणी सांगितलं की जुन्या बोटींच्या प्रवाशांचे कागद शोधता येतात.

"ताता, तुमचे आजोबा कुठल्या साली पिनांगला गेले? घरात काही कागद आहेत का?"

"कागद कुठले गे? आजीची एक पेटी आहे माळ्यावर. तांब्याची भांडी ठेवलीत तींत."

"उघडा ना!"

"मेलेल्या माणसाची पेटी कशास उघडायची?"

"मग कोणाची उघडायची? जिवंत माणसाची उघडली तर पोलीस येतील," मी म्हटलं, आणि दुकानातल्या पोऱ्याला बोलावून पेटी उतरवली.

भांडी काढली. तळाशी वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्याखाली एक फडक्याचं बोचकं. आजी जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली, पण ते फडकं कोणी उचलून पाहिलं नव्हतं.

पहिला निघाला तो फोटो. मागे पिनांगच्या स्टुडिओचा छाप. टेबलाला टेकून उभी असलेली एक तरुण बाई, नऊवारी, अंबाड्यात गजरा आणि पायांत बूट. शेजारी कोट-पगडीतला पुरुष, त्याच्या कडेवर मूल. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आमची आजी समुद्र ओलांडून गेली होती. अप्पा पिनांगला जन्मले होते. घरात कधी कोणी हे बोललं नव्हतं. सोवळ्यात ही गोष्ट बसत नव्हती, म्हणून पुरली असणार. त्या बुटांकडे मी किती वेळ पाहत होते. मला ठाऊक असलेली आजी अनवाणी, डोक्यावरून पांढरा पदर ओढलेली, कोणाच्याही शुभकार्यात पुढे न येणारी. फोटोतली बाई सरळ कॅमेऱ्यात पाहत होती.

मग देवी टोचल्याचे दाखले, डेकवरच्या प्रवासाच्या तिकिटांचे तुकडे. आजीचं नाव असलेलं एक तिकीट: पिनांगहून नागपट्टणम, सोबत एक मूल. म्हणजे अप्पांच्या मुंजीसाठी ती परत आली आणि मग इथंच राहिली. नंदिता पलीकडून आनंदानं ओरडत होती, "ताता, कॅमेऱ्यासमोर धरा!" स्वामी एकेक कागद धरत होता. शेवटी एक पासपोर्ट आला. स्वामीनं तो कॅमेऱ्यासमोर धरला नाही.

जन्मभर तिकिटांवर तारखा उठवलेला माणूस. त्यानं सगळ्यांत आधी शिक्के वाचले.

"आक्का, हा पंचावन्न सालीं दिलेला आहे."

"कोणाचा?"

"आजोबांचा."

"पण पुतळा तर आदल्या वर्षी..."

त्यानं पान उलटलं. नागपट्टणमला उतरल्याचा शिक्का, फेब्रुवारी छप्पन्न. त्यानं पुढची पानं उलटली, मागची उलटली. सगळी कोरी.

"जाण्याचा शिक्का नाही," तो म्हणाला. "उतरलेत. परत गेले नाहीत."

नंदिता विचारत होती, "काय झालं? मला दिसत नाहीये." स्वामीनं फोन माझ्या हातात दिला आणि तो परसात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याचं डायलिसिस होतं. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. नळीतून रक्त फिरत होतं आणि तो छताकडे पाहत होता.

"आक्का, त्या पासपोर्टातला फोटो."

"त्याचं काय?"

"मी त्याला ओळखतों."

"डोकं फिरलं का? ते शेवटचे येऊन गेले तेव्हा मीसुद्धा जन्मले नव्हते."

"मी त्याला जेवण वाढलंय. इन्नंबूरचा म्हातारा तो."

मला लगेच आठवेना. मी तेव्हा हॉस्टेलात असायचे. मग आठवलं. इन्नंबूरच्या देवळात गंध उगाळणारा, वाळलेल्या शेंगेसारखा एक म्हातारा आषाढ अमावास्येला आमच्याकडे जेवायला यायचा. आत श्राद्धाचे ब्राह्मण जेवून, दक्षिणा घेऊन गेले, घरातल्यांचं झालं, की आजी परसात माडाखाली एक पान मांडायला लावायची. ते पान वाढायचं काम स्वामीचं. आजी स्वतः दाराच्या आत उभी. दाराबाहेर येत नसे आणि आतही जात नसे.

"ब्राह्मणांच्या पंक्तीत का नाही बसवत, मी विचारलं होतं," स्वामी म्हणाला. "आजी म्हणाली, त्याला चालत नाही. आतां कळतंय. आपल्याच गोत्राचा माणूस श्राद्धाला कसा बसणार?"

"योगायोग असेल. म्हातारे सगळे सारखेच दिसतात. तूही तसाच दिसतोस."

"पान, आक्का. त्याचं पान आठव."

मी ते पाहिलेलं नव्हतं, त्यानं सांगितलं. आमच्याकडे केळीच्या पानावर जेवून झालं की पान मिटतात. लग्नात, सणाला ते आपल्या बाजूला मिटायचं, म्हणजे असं जेवण पुन्हा घडो. तेराव्याला, श्राद्धाला पलीकडे मिटायचं, म्हणजे पुन्हा न घडो. तीन वर्षांचं पोरही हे चुकत नाही. हा म्हातारा दर वर्षी पान आपल्याकडे मिटायचा.

"मी एकदा रागावलों त्याजवर. म्हटलं, ताता, हें श्राद्ध आहे, पान पलीकडे मिटा. तो हंसला. म्हणाला, ज्याचं श्राद्ध त्याची हरकत नाही रे."

यंत्र मध्येच वाजायला लागलं. नर्स आली, तिनं एक बटण दाबलं आणि गेली.

"मला वाटलं, देवळातला माणूस, थट्टा करतोय," स्वामी म्हणाला. "अप्पा गेल्यावर पिंड मीं ठेवले. सतरा वर्षांचा होतों. ह्या हातानें आंत पिंड ठेवले, आणि त्याच हातानें बाहेर त्याला भात वाढला. जिवंत माणसाला पिंड. दोन-तीन वर्षांत तो मेला. आक्का, मी मारलं का त्याला?"

"मूर्खा, भाताच्या गोळ्यांत एवढी ताकद असती तर या गावात कोणी विष विकत घेतलं नसतं."

पलीकडच्या खाटेवरचा तमिळ पेशंट आमचं पिढ्यांपासून घरात जपलेलं मराठी न कळताही हसला, माझ्या आवाजाला असेल. स्वामी हसला नाही.

त्या दिवसापासून त्याचं एकच सुरू झालं. साठ वर्षं आपण जे वाढलं ते कोणाला पोचलं? आजोबा खरे गेले तो दिवस कुठला? आपण मरण्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. एकदा तरी बरोबर दिवशी त्यांना जेवायला घातलं पाहिजे. मी त्याला तर्कानं समजवायचा प्रयत्न केला. त्याच्याशी तर्क करणं म्हणजे बंद खिडकीवर टकटक करण्यासारखं. आत माणूस आहे, पण वेळ संपली आहे.

मग मलाही एक आठवलं, आणि ते मी त्याला सांगितलं. छप्पन्नचा फेब्रुवारी म्हणजे मामांगमचं वर्ष. बारा वर्षांनी तळ्यात स्नानाला लाखो माणसं येतात, आमच्याही घरात ओळखीपाळखीचे यात्रेकरू ओटीपर्यंत झोपलेले. त्या गर्दीत कोणीतरी दार वाजवलं. केस गेल्यापासून आजी कधी पुढच्या दाराला जात नसे. त्या दिवशी गेली. मी माजघरात दप्तर भरत होते. ती परत आली तेव्हा मी विचारलं, "कोण गे आजी?" "कोणी नाही. परदेशी आहे. पाणी मागत होता." ती स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा तांब्या भरला आणि तो हातात घेऊन तिथंच उभी राहिली. पाणी नेलं की नाही, मी पाहिलं नाही. शाळेला उशीर झाला होता.

अप्पांना ठाऊक होतं का? माझा अंदाज, होतं. पुरावा नाही. युद्ध संपल्यावर दहा वर्षं आजोबा काय करत होते, आजारी होते, तिकडे दुसरं घर केलं होतं, की नुसती लाज वाटत होती, तेही कागद सांगत नाहीत. ज्यांना अशा ठिकाणी काहीतरी गोड कल्पना करून घ्यायची असेल त्यांनी करावी.

स्वामीनं गुरुमूर्तींना बोलावलं. आमचे भटजी, स्कूटरवर येतात, कानात फोनची वायर असते. त्यांनी सगळं ऐकलं आणि वायर काढून खिशात ठेवली.

"मेला समजून ज्याचा पुतळा जाळला तो परत आला, तर त्यालाही विधी आहे," ते म्हणाले. "तुपानं स्नान घालायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा. नाव, मुंज, आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"म्हणजे साठीच्या म्हाताऱ्याचं बारसं," मी म्हटलं. "आणि नवरीचे केस? न्हाव्यानं काढलेले गुरुजी परत लावणार होते का?"

"वेदवतीअम्मा, मी विधी सांगितला. कोणी केलेला पाहिला नाही."

नाहीच केला. अप्पांनी गावासमोर बापाला अग्नी दिला होता. आता त्याच बापाला पाळण्यात घालून गावासमोर नाव ठेवायचं? आजीनं पुन्हा मंगळसूत्र बांधून घ्यायचं, त्या डोक्यानं, त्या मंडपात? कोणी कोणाला नको म्हटलं, मला ठाऊक नाही. पण ती दाराशी गेली आणि तो इन्नंबूरला गेला. बसनं अर्ध्या तासाच्या अंतरावर तो गंध उगाळत राहिला, आणि वर्षातून एकदा ती त्याला त्याच्याच श्राद्धाचं जेवण वाढायला लावत राहिली. त्याला दया म्हणतात की शिक्षा, ते मला ठरवता येत नाही. ती बाई दोन्ही करू शकत होती.

"गेले तो दिवस सांपडायला हवा," स्वामी म्हणाला.

"सापडला तर पुढलं श्राद्ध त्या तिथीला करता येईल," गुरुमूर्ती म्हणाले. "देवळात नोंद असण्याची आशा नको. गंध उगाळणाऱ्याची नोंद कोण ठेवतो?"

देवळात खरंच कोणाला काही ठाऊक नव्हतं. मी ऑटो करून जाऊन आले, नसता त्रास. दिवस सापडला तो स्वामीच्याच डोक्यात. एका दुपारी तो अंथरुणात उठून बसला.

"बोचकं, आक्का! पासपोर्टाचं बोचकं. तें दूधवाल्यानं आणलं होतं, इन्नंबूरच्या."

"कधी?"

"कार्तिकदीपाच्या दुसऱ्या दिवशीं. आदल्या संध्याकाळच्या पणत्या तिण्णैवर तशाच होत्या, वाती जळून काळ्या. दूधवाला आला, आजीशीं हळू बोलला, बोचकं दिलं. आजी सरळ विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट डोक्यावर घागर ओतली. भर दुपारीं. मी म्हटलं, आजी, सकाळी स्नान केलंस ना? म्हणाली, पणत्या उचल."

अंगावरच्या कपड्यांसकट स्नान करतात ते एकाच बातमीनंतर.

"तेव्हां मी पणत्या उचलल्या," स्वामी म्हणाला. "नातवाला सूतक असतं. मी त्या संध्याकाळीं देवाला नमस्कार केला, भात खाल्ला, सिनेमाला गेलों. आजी एकटीनें सूतक धरलं."

गुरुमूर्तींनी जुनं पंचांग पाहून सांगितलं, चौसष्ट साली तो दिवस कार्तिक वद्य प्रतिपदा; नेमकी वेळ कळली नाही तर बातमी आली ती तिथी शास्त्राला चालते.

म्हणजे आषाढ सोडायचा आणि कार्तिक महिन्याची वाट पाहायची. स्वामीच्या हाताची डायलिसिसची शीर तोवर बिघडली होती, गळ्यातून नळी घातली होती. कार्तिक चेन्नईहून फोनवर ओरडला.

"अप्पा, डॉक्टर काय म्हणालेत ठाऊक आहे ना? आषाढात करून टाका. साठ वर्षं चाललं, आणखी एकदा चालेल."

"चुकीच्या गाडीत बसवून माणूस लवकर पोंचत नाही रे."

"आणि कार्तिकापर्यंत तुम्ही..."

"नाही राहिलों तर तूं कर."

त्यानं हो न म्हणता फोन ठेवला. कार्तिक खोटं बोलत नाही, एवढा एक गुण त्याच्यात आहे.

आषाढ अमावास्येला सगळं गाव कावेरीवर तर्पणाला गेलं आणि आम्ही हॉस्पिटलात गेलो. रस्त्यात काळे तीळ विकायला बसलेल्या बायकांकडे त्यानं पाहिलं नाही. श्रावणात न्यूमोनिया झाला. भाद्रपदात तो मला ओळखेना, दोन दिवस मला आजी म्हणून हाक मारत होता. मी ओ दिली. काय करणार? नवरात्रात शुद्धीवर आला आणि पहिलं विचारलं, "कार्तिक लागला का?"

लागला. प्रतिपदेच्या दिवशी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून विधी केला. पिंड फुटला, गुरुमूर्तींनी त्याचा मनगटाशी हात धरून पुन्हा ठेवायला लावला. ब्राह्मण जेवायला बसले तेव्हा स्वामी म्हणाला, "आणखी एक पान मांडा. इथं, आंत."

"सगोत्र पितराला पंक्तीत बसवत नाहीत," गुरुमूर्ती म्हणाले.

"बसवत नाहीं. पान ठेवतों."

ठेवलं. सगळं वाढलं. त्या पानासमोर कोणी नव्हतं आणि सगळे त्याच्याकडे न पाहता जेवत होते.

नंतर स्वामी जेवला. केळ्याची भाजी, सुरण, वडा, पायसम, सगळं थोडं थोडं. मी डॉक्टरचं नाव काढलं नाही. जेवून झालं आणि तो हात वर धरून पानाकडे पाहत बसला. बोटांवरचा भात वाळला.

"आक्का, पान कुठल्या बाजूस मिटूं?"

"श्राद्धाला कुठल्या बाजूला मिटतात, ते तुला मी सांगू?"

"पलीकडे मिटलं तर पुन्हा घडूं नये. पण त्याला हें एकदाच मिळालंय."

"मग आपल्याकडे मीट."

"तेंही नको."

"मीट कसंही, नाहीतर तसंच ठेव. ऊठ, हात धू, तुला बसवत नाहीये."

त्यानं मिटलं नाही. मी त्याला उचलून धरलं आणि ते उघडं पान तसंच राहिलं. नंतर मीच ते आणि आतलं बिनमाणसाचं पान, दोन्ही परसात नेऊन पुरली. माड आता नाही, तिथं पाण्याची टाकी आहे.

मार्गशीर्षात स्वामी गेला. कार्तिकनं सगळं रीतसर केलं. हॉस्पिटलनं कागद दिला, त्यावर दिवस, तास आणि मिनिटंसुद्धा छापलेली होती. मी तो कागद नीट घडी करून ठेवला आहे. स्वामीनं आधी शिक्काच पाहिला असता.